सगळ्यांनी वर पाहिलं

८ जुलै, सोमवार

साखरशेतहून बाबांनी ही वही पाठवली त्याला तीन महिने झाले. निवृत्त मास्तर माणूस, त्यांना लेकीच्या अक्षराची काळजी. अक्षर राखून काय करू बाबा, आमचं सगळं मोबाइलमध्ये भरायचं असतं, आणि सूर्यमाळच्या या डोंगरावर त्याला धड रेंज नसते. तरी आज लिहायला बसले, कारण मी भारी खूश आहे आणि सांगायला घरात कुणी नाही. उमेश ग्रामपंचायतीच्या कामाला मोखाड्याला गेलेत. सासूबाई शेतावर, भाताच्या आवणीला.

आज अंगणवाडीत माता बैठक होती. भातलावणी सोडून कोण येतंय असं वाटलं होतं, पण अकरा बाया आल्या, पायाला चिखल तसाच. विषय होता, मूल नीट ऐकतं का ते घरच्या घरी कसं बघायचं. मी तेलाच्या रिकाम्या बाटलीत चिंचोके भरून खुळखुळा केला होता. मूल आईच्या मांडीवर बसवायचं, आपण मागे उभं राहायचं, दिसेल असं नाही, आणि वाजवायचं. मूल वळलं की झालं.

दाखवायला निशालाच घेतलं. दुसऱ्यांची पोरं भोकाड पसरतात. माझी दोन वर्षांची पोर आमच्या मदतनीस पोशीमावशींच्या मांडीवर बायांकडे तोंड करून शहाण्यासारखी बसली. मी मागून बाटली वाजवली. सगळ्या बाया माना वर करून माझ्याकडे बघत होत्या, इतकं लक्ष या बाया एरवी देत नाहीत. आणि निशा वळली की! फोटो छान आला. पर्यवेक्षिका मॅडमनी ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, योगिताताईंकडून शिका.

दीड वर्षापूर्वी ही नोकरी घेतली तेव्हा माहेरी सगळे म्हणाले, डी.एड. करून अंगणवाडी? आता बघा म्हणावं.

२५ जुलै, गुरुवार

पोशीमावशी इथल्या जुन्या. चौदा वर्षं खिचडी शिजवतात, पोरांना घरोघरी जाऊन गोळा करून आणतात. स्वभाव सोन्यासारखा, पण मध्येच शिकवायला जातात. आज निशा कोपऱ्यात खडे मांडत होती, मी चार वेळा हाक मारली, ही ढिम्म. मावशी म्हणाल्या, "बाई, हिला हाक नको मारू. हात लावत जा."

मी म्हटलं, मावशी, मुलांना हाकेचं वळण लावावं लागतं, हे मी शिकून आलेय. त्या तांदूळ निवडायला बसल्या. नंतर मलाच वाटलं, जरा जास्त बोलले. पण लाडाने पोरं बिघडतात, ही निशा तर हट्टीच होत चालली आहे. आपल्या तंद्रीत असली की ब्रह्मदेव आला तरी बघत नाही. मला काही सांगायचं असलं तर माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे फिरवते आणि बोट दाखवते. राणीसाहेब.

१४ ऑगस्ट, बुधवार

तीन वर्षांखालच्या मुलांच्या वाढीचे टप्पे भरायचे होते. हाक मारल्यावर वळतो का, दोन शब्द जोडून बोलतो का, असे रकाने. नऊ मुलं एकेक बसवून तपासली. जीव मेटाकुटीला आला.

नवशीचा देवानंद अडकला. अडीच वर्षांचा झाला. चित्रांचा तक्ता दाखवला, गाय, घर, चंद्र. तोंडातून अक्षर नाही. आईच्या पदराआड तोंड. मी नवशीला विचारलं, घरी बोलतो का? तर म्हणे, बोलतो. काय बोलतो? तर हसते. मला रागच आला. पोर मुकं राहायची वेळ आली तरी या हसतात. सगळ्यांच्या देखत म्हटलं तिला, "तू आई आहेस की कोण? तुझ्या पोराला काय येतं काय नाही, हे मी सांगायचं?" तिचं तोंड एवढंसं झालं. पण त्याशिवाय या बाया हलत नाहीत. जव्हारच्या तपासणी शिबिराची चिठ्ठी दिली.

निशाचे रकाने घरी येऊन भरले. तिला काय तपासायचं, चोवीस तास डोळ्यासमोर असते. वळते, हो. सांगितलेलं समजतं, हो. दोन शब्द जोडते, तिथे जरा थांबले. तोंडाने "आं आं" करत हात पुढे करते, म्हणजे "आई दे"च की ते. मला कळतं. हो लिहिलं. सासूबाई तर म्हणतात, उमेशसुद्धा साडेतीन वर्षांचे होईस्तोवर धड बोलत नव्हते.

३ सप्टेंबर, मंगळवार

नवशी जव्हारला जाऊन आली. डॉक्टरांनी सांगितलं म्हणे, पोर ठणठणीत आहे, बोलतंही. तिथल्या कंपाउंडरला त्याने आपल्या भाषेत कोंबडीची मोठी गोष्ट सांगितली. मी म्हटलं, मग माझ्यासमोर का बोलत नाही? नवशी खाली बघून म्हणाली, तुम्हाला घाबरतो.

डॉक्टरांनी नीट पाहिलं नसणार. शिबिरात गर्दी असते.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गौरीचा नाच झाला पाड्यावर. ढोल असा की छातीत धडधडतं. पोरं कानावर हात ठेवून आयांना बिलगली होती, दोन-तीन तर किंचाळत होती. आमची निशा ढोलवाल्याच्या पायाशी घोंगडीवर ढाराढूर झोपली. उमेश हसून म्हणाले, वाघीण आहे. मी मोबाइलमध्ये व्हिडिओ घेतला. साखरशेतला पाठवला तर बाबांचा उलट फोन, पोरीला कधी कानाच्या डॉक्टरला दाखवलंय का? मी म्हटलं, बाबा, तुमची नात निडर आहे, तुम्ही तिथे बसून भलतंसलतं मनात आणू नका.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

पुन्हा माता बैठक. मॅडम स्वतः आल्या होत्या, सोबत प्रकल्पाचे एक साहेब. तेच खुळखुळ्याचं दाखवा म्हणाल्या, तुमचं छान होतं. निशाला बसवलं. पहिल्यांदा वाजवलं तर ही वळलीच नाही, समोरच्या बायांच्या बांगड्या बघत राहिली. पोशीमावशींना नेमका खोकला आला. पुन्हा वाजवलं, तेव्हा मात्र वळली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

नवशीही आली होती. मला वाटलं होतं रागावून येणार नाही. अगदी पुढे बसली होती, देवानंदला घेऊन. या लोकांच्या मनात काही राहत नाही, ते एक बरं असतं.

९ ऑक्टोबर, बुधवार

दुपारी अंगणवाडी सुटली. मी कुलूप लावत होते, निशा रस्त्याच्या मधोमध वाकून काहीतरी वेचत होती. मोखाड्याहून येणारी वडापची जीप वळणावरून आली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, केवढ्यांदा वाजवला. मी ओरडले, निशा, निशा. पोरीने मान वर केली नाही. पोशीमावशी धावल्या आणि दंडाला धरून तिला ओढलं. जीप दोन हातांवर थांबली.

मी गेले आणि तिला मारलं. एक नाही, तीन-चार. गालावर मारलं. किती हाका मारायच्या, मरायचंय का तुला, असं काय काय बोलले. निशा रडलीसुद्धा नाही लगेच, माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग रडली. मावशींनी तिला माझ्या हातातून काढून घेतली. मला कसं तरीच वाटलं त्यांच्या बघण्याने.

इतका हट्ट बरा नाही. वळण लावायलाच हवं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी अकराची वेळ. पोरं खिचडीची वाट बघत भिंतीला टेकून बसली होती. निशा पाठ करून वालाचे दाणे रांगेत लावत होती. मी हजेरी भरत होते. आणि मावशींच्या हातून ताटं पडली. सगळी. तीस स्टीलची ताटं फरशीवर, निशाच्या मागे हातभर अंतरावर. चौदा वर्षांत या बाईच्या हातून वाटी पडलेली नाही.

मीच दचकून उभी राहिले. पोरं किंचाळली, देवानंद तर दाराबाहेर पळाला. मी मावशींवर ओरडले, लक्ष कुठंय तुमचं. त्या ताटांकडे बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मग त्यांनी निशाकडे पाहिलं. म्हणून मीही पाहिलं.

निशा वालाचा दाणा रांगेत ठेवत होती. एक ठेवला. दुसरा उचलला. एक ताट गरगरत तिच्या पायापर्यंत गेलं, पायाला लागलं, तेव्हा तिने वळून बघितलं आणि एवढी ताटं बघून खुदकन हसली.

पुढे काय झालं ते आठवत नाही. हजेरी अर्धीच राहिली.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

दिवसभर तिच्या मागे उभी राहून वाजवतेय. पातेलं, कडी, शिट्टी, दार. सावली पडू दिली नाही, वारा लागू दिला नाही. एकदाही नाही. सासूबाई म्हणाल्या, पोरीला छळू नको. मग त्याही तिच्या मागे जाऊन टाळ्या वाजवायला लागल्या, आणि वाजवता वाजवता खाली बसल्या.

गालावर मारलं होतं मी. कशासाठी मारतेय, ते त्या लेकराला कधी कळलंच नसेल.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

जव्हारच्या डॉक्टरांनी नाशिकला पाठवलं. आज तिथे तपासणी झाली. औषध देऊन झोपवलं, डोक्याला वायरी लावल्या, दोन्ही कानांत आवाज सोडला. यंत्रावर रेघ सपाट. काचेच्या अलीकडे मी आणि उमेश. उमेशच्या हातात निशाची चप्पल होती, ती त्यांनी शेवटपर्यंत खाली ठेवली नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. दोन्ही कानांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, बहुतेक जन्मापासून. आधी कानाला मशीन लावू, रोज शिकवावं लागेल, मग ऑपरेशनचं बघू. आशा आहे म्हणाल्या. पण बोलणं शिकायचं वय हेच असतं, ते थांबत नाही, वर्षाच्या आत आणली असती तर फार फरक पडला असता. मी वर्षाचा हिशोब मनात करत होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुमच्या गावात अंगणवाडी आहे ना? तिथल्या ताईंनी कधी तपासलं नाही?"

मी म्हटलं, "तपासलं होतं."

"मग ताईंना कळलं कसं नाही?"

मी म्हटलं, माहीत नाही. डॉक्टरीणबाई तुटक हसल्या, म्हणाल्या, कागद भरतात नुसते. मी मान हलवली. त्या ताई म्हणजे मीच, हे माझ्या तोंडून निघालं नाही. त्र्यंबकचा घाट उतरून घर येईस्तोवर उमेशनेही तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज आठ दिवसांनी अंगणवाडीत गेले. पोरं गेल्यावर पोशीमावशींना समोर बसवलं. विचारलं, ताटं मुद्दाम पाडलीत ना? म्हणाल्या, हो. कधीपासून ठाऊक होतं? म्हणाल्या, मागल्या होळीपासून.

मी चिडले. म्हटलं, मग सांगितलं का नाही मला? होळीपासून दिवाळी, आठ महिने मावशी. त्यांनी पदराने फरशीवरचं शीत उचललं आणि सावकाश म्हणाल्या, "तू शिकलेली बाई. तू दुसऱ्यांची पोरा तपासतेस. आमाला वाटला, तुला ठावं हाय, पण तू लपवतेस. पोरीची जात हाय, उद्या तिचा लगीन व्हायचा, म्हणून लपवत असशील. आपण कशाला तोंड उघडायचा?"

मी म्हटलं, मग ताटं का पाडलीत?

"त्या दिवशी तू मारलास ना तिला. ठावं असता तर मारला नसतास."

त्यांनी एकदा सांगून पाहिलं होतं. हात लावत जा, म्हणाल्या होत्या. मागची पानं उलटून मीच लिहिलेलं वाचलं. वाचून वही मिटली. बाबांनी विचारलं होतं तेही तिथेच आहे, माझ्याच अक्षरात.

२५ नोव्हेंबर, सोमवार

नवशी उद्या वीटभट्टीवर निघाली, नवरा-बायको आणि देवानंद, आता होळीलाच परत. त्याची लसीची आणि वजनाची माहिती तिकडच्या अंगणवाडीसाठी कागदावर लिहून द्यायची असते, ती द्यायला मी तिच्या घरी गेले. खरं तर माफी मागायला गेले होते. निशाला कडेवर घेतलं होतं.

घरात बोचकी बांधून ठेवलेली. देवानंदची बडबड अखंड चालू होती, आपल्या भाषेत, कोंबडी, बकरी, गाडी, मामा. मी उंबऱ्यातून ऐकलं. एवढं बोलणारं पोर आमच्या पाड्यावर दुसरं नसेल. मी दिसले तसा गप्प झाला.

मी नवशीला म्हटलं, त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुला नको ते बोलले. चूक झाली. ती संकोचली, म्हणाली, असू द्या बाई. चहा टाकते म्हणाली, डबा रिकामा होता, गूळ पुढे केला. मग निशाच्या पायाला हात लावून म्हणाली, "माझीपण चूक हाय."

मला कळेना. मग तिने सांगितलं. मी मागून बाटली वाजवली तरी पोर वळत नाही, हे त्यांना पहिल्याच बैठकीत दिसलं होतं. बायांनी आपसात ठरवलं नव्हतं काही, कुणी कुणाला बोललंही नव्हतं. पण एकीने मान वर केली, तशी सगळ्यांनी वर केली, आणि समोरच्या सगळ्या तोंडं वर करून बघतात म्हणून निशा वळून बघायला लागली. मग तशी रीतच पडली. बाई वाजवील तेव्हा वर बघायचं. साहेब आले त्या दिवशी त्यांच्याकडे बघायच्या नादात बाया विसरल्या, तर पोशीमावशी खोकल्या.

मी विचारलं, "तू पण? मी तुला इतकं बोलल्यावर?"

नवशी म्हणाली, "मी पुढं बसली होती ना. मीच पहिली वर बघितला. मोठी माणसा आलेली, तुमची नाचक्की झाली असती."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. तुम्ही मान खाली घातली असतीत तर माझ्या पोरीचे चार महिने वाचले असते, असं अगदी जिभेवर आलं. पण ती बाई रडत होती. चिखलातून उठून आलेल्या अकरा बायांनी माझी लाज राखली, जिला मी सगळ्यांदेखत आई आहेस की कोण विचारलं तिने सगळ्यात आधी राखली, आणि त्या लाजेपायी माझ्या पोरीचे महिने गेले. त्यांचा राग करू तर कुठल्या तोंडाने? त्यांना माझी भीती वाटत नसती तर त्या बोलल्या असत्या. देवानंद बोलत नव्हता तोही त्याच भीतीने. मी तपासायला बसले, पण जिला कुणी काही सांगू शकेल अशी मी कधी नव्हतेच.

घरी येऊन मॅडमना फोन लावला. सांगितलं, ऑगस्टमधले निशाचे रकाने मी न तपासता भरलेत, दुरुस्त करायचेत. त्या म्हणाल्या, मागच्या महिन्यांचं आता उघडत नाही ताई, राहू द्या, घरचीच मुलगी आहे, कोण विचारतंय. मी म्हटलं, मग लेखी देते. पुढच्या बैठकीत बायांनाही सांगणार आहे, वर बघू नका, आणि मला तोंडावर सांगा. सांगतील की नाही ठाऊक नाही.

मशीन यायला अजून तीन आठवडे आहेत. नाशिकच्या बाईंनी सांगितलंय, तोवर समोर बसून, तोंड दिसेल असं रोज बोलत राहा, सुरुवात तिच्या नावापासून करा. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. बारसं आम्ही केलं, पाड्याला जेवायला घातलं, दोन वर्षं पाच महिने घरभर हाका मारल्या, पण हिला नाव आहे हेच हिला ठाऊक नाही.

आज अंगणात तिला समोर बसवून म्हटलं, निशा. निशा. निशा. दहा वेळा, वीस वेळा. ती माझ्या ओठांकडे बघत होती. तिला वाटलं, आई काहीतरी गंमत करतेय. ती हसायला लागली, आणि मी थांबले की माझी हनुवटी धरून पुन्हा कर म्हणून हलवायला लागली. मी पुन्हा म्हणत राहिले.